सरीच्या मापाची पन्हळ

छपरावर पडलेले पाणी वळचणीला अडवायचे आणि ठरवलेल्या जागी खाली सोडायचे, एवढेच पन्हळीचे काम. ती नसली की पाख्याच्या पूर्ण लांबीभर पागोळ्या गळतात, पाणी जमिनीवर आपटते आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर फूट-दीड फूट उडतात. विटांच्या भिंतीला ओल धरते, गिलावा फुगून सुटतो. कुडाची भिंत असेल तर कारवी बुडाशी कुजते. जोत्यालगतची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते. काही वर्षांनी ओट्याला भेग पडते तेव्हा दोष गवंड्याला दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा वर, वळचणीला असते.

वैतरणेच्या खाडीपासून उत्तरेकडे सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आणखी जास्त. जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झड लागते. जुन्या घरांनी याला आपापल्या परीने उत्तर दिले होते. वारली घरांचे छप्पर भिंतीपासून बरेच पुढे आणि खाली उतरलेले असते. वळचण एवढी लांब की पागोळी भिंतीपासून दूर पडते. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये उंच दगडी जोते आणि पागोळीच्या रेषेत दगड लावलेला चर, अशी व्यवस्था असे. पाणी एका ठिकाणी न्यायचेच असले तर बांबू किंवा पोफळीचे खोड उभे चिरून त्याची पन्हळ करत.

1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, खाचेची कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. नळीच्या देशी कौलांची कड वेडीवाकडी असते; मंगळुरी कौलांची कड एका रेषेत येते आणि तिच्याखाली सरळ पन्हळ बसवता येते. पत्र्याचे छप्पर आल्यावर तर पन्हळीवाचून भागेनासे झाले, कारण गुळगुळीत पत्र्यावरून पाणी कौलांपेक्षा वेगाने खाली येते, आणि पत्र्याची घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. तिथे समोरासमोरच्या दोन छपरांमध्ये कधी कधी हातभरच बोळ उरतो आणि दोन्हीकडचे पाणी त्याच बोळात पडते.

तरीही प्रत्येक घराला चारही बाजूंनी पन्हळ लागतेच असे नाही. जिथे वळचण दोन फूट बाहेर आहे, जोते उंच आहे आणि पागोळीचे पाणी फरशीच्या चरातून उताराने निघून जाते, तिथे पन्हळ न लावणे हा चांगला निर्णय ठरू शकतो. लहान मापाची, वाकडी बसवलेली पन्हळ नसलेलीच बरी. ती ओसंडते तेव्हा सगळे पाणी एकाच बिंदूवर, तेही बहुधा भिंतीच्या अंगाला, सोडते. मात्र दारावर, ओट्यावर, पायवाटेवर, शेजाऱ्याच्या हद्दीकडे उतरणाऱ्या पाख्याला, विहिरीच्या किंवा सेप्टिक टँकच्या बाजूला आणि जुन्या घराला नंतर जोडलेल्या पडवीच्या सांध्यावर पन्हळ हवीच.

पन्हळीचे माप वर्षभराच्या पावसावरून ठरवता येत नाही. ते ठरते जोरदार सरीवरून. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो अपवाद होता. पण दहा-पंधरा मिनिटे ताशी 100 ते 150 मिलिमीटरच्या वेगाने कोसळणारी सर या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येते. पन्हळ त्या दहा मिनिटांसाठी घ्यायची असते. उरलेल्या चार महिन्यांची रिपरिप कुठलीही पन्हळ वाहून नेते.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 30 फूट लांब, 20 फूट रुंद, मध्ये आढे आणि दोन्हीकडे पाखी असलेले घर घेतले तर छपराची आडवी जागा 600 चौरस फूट, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर होते. प्रत्येक पाख्याच्या वाट्याला 28. छप्पर उतरते असले की वाऱ्याने तिरका आलेला पाऊसही त्यावर आदळतो, म्हणून क्षेत्र थोडे वाढवून धरतात. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत 30 अंशांच्या उताराला 1.29 ने गुणायला सांगितले आहे. तसे केले की 28 चे 36 चौरस मीटर होतात. त्याच नियमांतला तक्ता सांगतो की 100 मिलिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ 37 चौरस मीटरपर्यंत पुरते. म्हणजे चार इंची पन्हळ चालेल, असा समज होतो. पण तो तक्ता ताशी 75 मिलिमीटरच्या सरीसाठी आहे. ताशी 150 मिलिमीटर धरले तर या पाख्यावरून सेकंदाला दीड लिटर पाणी येते. चार इंची पन्हळ 0.78 लिटर नेते, पाच इंची 1.37 आणि सहा इंची 2.16. पालघर-बोईसरच्या साध्या घराला सहा इंची पन्हळ लागते, ती या हिशेबाने. बाजारात सुबक दिसणाऱ्या चार इंची पन्हळी आखूड पडवीला किंवा खिडकीवरच्या छज्ज्याला ठीक आहेत.

खाली उतरणाऱ्या पाईपकडे तर याहूनही कमी लक्ष दिले जाते. मोठी पन्हळ आणि तिला अडीच इंची पाईप, हे दृश्य जागोजागी दिसते; पन्हळ भरून वाहते आणि पाईप आपल्या गतीने पाणी सोडत राहतो. भारतीय मानक 2527 हे छपराच्या पन्हळी आणि पावसाच्या पाईपांविषयीचे आहे. देशात वापरात असलेल्या तक्त्यांप्रमाणे 100 मिलिमीटरचा पाईप ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत 42.7 चौरस मीटर छपराचे पाणी नेतो, ताशी 150 च्या सरीत 28.5 आणि 200 च्या सरीत 21.3. वरच्या घराच्या एका पाख्याला एक चार इंची पाईप कसाबसा पुरतो. दोन टोकांना दोन पाईप लावले की एक पानांनी तुंबला तरी दुसरा चालू राहतो. दुसरा पाईप हा चैनीचा खर्च नाही. अख्ख्या पन्हळीच्या खर्चात तो सर्वांत स्वस्तात मिळणारा भरवसा आहे.

आता पन्हळ कशाची घ्यायची. सर्वांत जुना आणि अजूनही प्रचलित पर्याय जीआय पत्र्याचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा. फॅब्रिकेटर मापाप्रमाणे पत्रा वाकवून चौकोनी पन्हळ करून देतो, हवी ती रुंदी मिळते, शिडी टेकली तरी ती तुटत नाही. पण समुद्राकडून येणारी खारी हवा जस्त खाते. तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची आणि लोखंडाला आम्ल लावणाऱ्या उद्योगांची वाफ त्यात मिसळली की मुलामा आणखी लवकर संपतो. गंज नेहमी कापलेल्या कडेपासून, रिव्हेटच्या भोकापासून आणि सांध्यापासून सुरू होतो, कारण तिथे जस्ताचा थर तुटलेला असतो. जीआय घ्यायचीच तर 24 गेजपेक्षा 22 गेज बरा (गेजचा आकडा लहान, तितका पत्रा जाड), आणि कापलेल्या कडांना बसवण्यापूर्वीच झिंक प्रायमर लावून घ्यावा. बसवल्यावर मागच्या कडेपर्यंत ब्रश पोहोचत नाही.

रंगीत पत्र्याची पन्हळ बहुधा गॅल्व्हल्यूमची असते. त्याच्या मुलाम्यात 55 टक्के ॲल्युमिनियम, सुमारे 43.4 टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असते. वर रंगाचा थर. खाऱ्या हवेत ती साध्या जीआयपेक्षा जास्त टिकते. ओल्या सिमेंटशी मात्र तिचे जमत नाही. भिंतीत खाच पाडून कड सिमेंटने बुजवली की तिथेच ती पोखरली जाते. ॲल्युमिनियमचेही तेच: हलके, न गंजणारे, पण सिमेंटचा क्षार आणि तांब्याचा स्पर्श त्याला सोसत नाही, आणि लोखंडी स्क्रूभोवती ओल साचली की भोक मोठे होत जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि खाली रबरी वॉशर, एवढी काळजी घेतली तर किनाऱ्यालगतच्या घराला ॲल्युमिनियम उत्तम. महाग पडते, हाच त्याचा दोष.

खाऱ्या हवेचा ज्याच्यावर काहीच परिणाम होत नाही असा पदार्थ म्हणजे यूपीव्हीसी. गंज नाही, वजन कमी. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांमधल्या वाढीव-वैतीपाड्यासारख्या, खाडीने वेढलेल्या वस्तीत सामान होडीने किंवा पायी न्यावे लागते; तिथे वजनाचा प्रश्न किरकोळ नसतो. पण प्लास्टिक उन्हाने लांबते आणि थंडीने आखडते. नऊ मीटर लांबीची पन्हळ तापमानात 30 अंशांचा फरक पडला की जवळपास दोन सेंटिमीटरने कमी-जास्त होते. मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात ही पन्हळ सहज 60 अंशांवर जाते आणि पहिल्या सरीत एकदम थंड होते. म्हणून तिचे तुकडे डिंकाने घट्ट चिकटवायचे नसतात. रबरी गॅस्केटच्या जोडात जागा सोडून बसवायचे असतात. जोड गळतो म्हणून नंतर सोल्युशन ओतले की पुढच्या उन्हाळ्यात पन्हळच तडकते.

गावोगाव दिसणारा घरगुती उपाय म्हणजे 160 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी करणे. माप बरोबर, खर्च थोडा, आणि बांबूच्या पन्हळीची परंपरा त्यात चालू आहे असे म्हणायला हरकत नाही. त्रुटी दोन. चिरलेल्या पाईपच्या कडा उन्हाने वाकड्या होतात, म्हणून दर दोन फुटांवर कडांना जोडणारी आडवी पट्टी लागते. आणि शेतीच्या पाण्यासाठी बनवलेला पाईप वर्षानुवर्षे उघड्या उन्हात राहण्यासाठी नसतो. पांढरा ऑइलपेंट दिला तर तो ठिसूळ व्हायला जास्त वर्षे लागतात.

स्लॅबच्या घरांची गोष्ट वेगळी आहे. तिथे पन्हळ नसते. गच्चीचा उतार आणि पॅरापेटमधून काढलेले पाईप हेच काम करतात. पण गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड घालण्याची रीत आता सर्रास आहे, आणि शेडचे पाणी वाऱ्याबरोबर थेट खालच्या छज्ज्यावर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीवर पडते. शेड घालतानाच पन्हळीचा खर्च धरायला हवा. शेड उंचावर असते, तिथे नंतर पन्हळ बसवायची म्हणजे पुन्हा परांची आली.

पन्हळ कशाचीही असो, ती टिकते आधारांवर. सहा इंची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की दर मीटरला जवळपास नऊ लिटर पाणी धरते. नऊ मीटरच्या पन्हळीत 80 किलो होतात. त्यात ओला पाला आणि गाळ. क्लॅम्प दोन फुटांपेक्षा दूर असले की मधला भाग झोळतो आणि त्या झोळात पाणी साचून राहते. क्लॅम्प वाशांच्या टोकांना किंवा चांगल्या लाकडाच्या पट्टीला बसवावेत; नुसत्या रिपेवर ते टिकत नाहीत. भरलेली पन्हळ खाली ओढते आणि रिकामी वर उडते, हेही लक्षात ठेवावे लागते. मे 2021 मधले तौक्ते चक्रीवादळ पावसाळ्याच्या तोंडावर पालघरच्या किनाऱ्याजवळून गेले. त्याने घरांची पत्रे-कौले उडवली. अशा वाऱ्यात नुसती टेकवलेली पन्हळ सर्वांत आधी सुटते. पश्चिमेच्या बाजूला वरूनही पट्टी हवी.

उतार किती द्यायचा यावर कारागिरांची मते वेगवेगळी असतात, पण नऊ मीटर लांबीसाठी मध्य उंच धरून दोन्ही टोकांना दोन ते तीन सेंटिमीटर उतार पुरतो. याहून जास्त दिला तर टोकाशी पन्हळ छपराच्या कडेपासून फार खाली जाते आणि पत्र्यावरून वेगाने आलेले पाणी तिच्यावरून उडी मारते. कौलाची किंवा पत्र्याची कड पन्हळीत साधारण दोन इंच आत आलेली असावी. आणि एक बारीक गोष्ट, जिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही: पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली हवी. ओसंडलीच तर पाणी अंगणात पडेल, भिंतीत शिरणार नाही.

पाईपच्या तळाशी वाकडा तुकडा लावून पाणी जोत्यापासून निदान तीन फूट दूर सोडावे. खाली फरशी किंवा दगड ठेवला नाही तर तिथे खड्डा पडतो. हे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडणे ही मोठी चूक असते. एका सरीत शेकडो लिटर पाणी आत शिरले की टाकी उलटी भरते आणि मैला बाहेर येतो.

शेजाऱ्याच्या जागेत पाणी सोडण्यावरून गावठाणात जुनी भांडणे आहेत. दुसऱ्याच्या जागेत पाणी सोडण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 खाली येतो. अखंड 20 वर्षे, उघडपणे आणि हक्क म्हणून चालत आलेल्या वापराला तो कायदा मान्यता देतो. पण जुनी पागोळी काढून तिच्या जागी पन्हळ लावली आणि सगळे पाणी एका पाईपने शेजाऱ्याच्या कोपऱ्यात सोडले, तर तो जुनाच वापर राहत नाही. पाईप आपल्या हद्दीत उतरवला की वाद उद्भवतच नाही. समोरासमोरच्या दोन खोल्यांच्या बोळात दोघांनी मिळून एकच रुंद पन्हळ घालणे स्वस्त पडते. फक्त साफ कोणी करायची हे आधी ठरलेले असावे.

पन्हळ असली की पाणी साठवण्याचा विचार आपोआप येतो. वरच्या 56 चौरस मीटरच्या छपरावर 2000 मिलिमीटर पावसात एक लाख लिटरहून अधिक पाणी पडते. उडालेले, सांडलेले वजा करून 90 हजार लिटर हाती येऊ शकते. वैतरणेवरचा मोडकसागर 1957 पासून मुंबईला पाणी देतो, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला मोखाड्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. खाडीकाठी तर विहिरींचेच पाणी मचूळ. तिथे छपराचे पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडले तर ते गोडे पाणी जमिनीत मुरते. पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसाचे पाणी, म्हणजे या घराचे शंभरेक लिटर, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ते बाहेर जाऊ द्यावे आणि मग वाळू-खडीच्या गाळणीतून पुढचे घ्यावे. औद्योगिक वसाहतीजवळच्या छपराचे पाणी धुण्यासाठी, संडाससाठी, जमिनीत मुरवण्यासाठी वापरावे, पिण्यासाठी नको. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्यावरून आलेले पाणीही पिऊ नये.

पन्हळ बिघडते ती बहुतेक पानांमुळे. साग आणि इतर झाडांची पानगळ शिमग्याच्या आसपास होते, आंब्याचा मोहोर आणि पाला मे महिन्यापर्यंत पडत राहतो. मधल्या तीन महिन्यांत पन्हळीकडे कोणी वर पाहत नाही. केळवे-डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या काड्या हा वेगळाच ताप आहे, त्या कुठल्याही जाळीतून आत जातात. पूर्ण पन्हळीवर बसवायच्या जाळ्या बाजारात मिळतात, पण या पावसात त्यांचा फार उपयोग होत नाही. पाने जाळीवर चिकटून चटई होते आणि जोराची सर तिच्यावरून थेट खाली पडते. पाईपच्या तोंडाशी तारेच्या जाळीचा फुगीर गोळा बसवणे पुरते.

साफसफाईला मेचा शेवटचा आठवडा योग्य. मुंबईला मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे, पण वळिवाचा पाऊस त्याआधीच गाठतो. पाला आणि गाळ हाताने काढावा, पाईपमध्ये ढकलू नये. मग दोन-तीन बादल्या पाणी मधोमध ओतून पाहावे. जिथे थांबते तिथे क्लॅम्प खाली बसला आहे, जिथे गळते तिथे जोड उघडला आहे. श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की एकदा पुन्हा पाहावे. गाळात पिंपळाचे रोप उगवलेले असते, आणि झोळात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत वाढतात. दसऱ्यानंतर पन्हळ कोरडी झाल्यावर गंजाचे डाग तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग द्यावा. रंगकामाला नोव्हेंबरसारखा महिना नाही, कारण मेमध्ये पत्रा इतका तापलेला असतो की रंग धरण्याआधीच वाळतो.

वर चढण्याचे काम मात्र कमी लेखू नये. शिडीचा पाया उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका भिंतीपासून दूर असावा, खाली कोणीतरी धरून उभे असावे, आणि शिडी प्लास्टिकच्या पन्हळीला टेकवू नये. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन माणसे खाली पडतात. वासे कुठे आहेत ते पाहून त्यांच्यावर आडवी फळी टाकूनच चालावे. तो पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल तर घासू किंवा कापू नये, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. वीजजोडणीची सर्व्हिस वायर बहुधा वळचणीच्या कोपऱ्यातूनच आत येते, म्हणून ओल्या पन्हळीला हात लावण्यापूर्वी ती कुठून गेली आहे ते पाहावे.

एखाद-दुसरे भोक ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवता येते, तेही कोरड्या, घासलेल्या पत्र्यावरच. तळाशी सलग गंज चढला, पत्रा बोटाने दाबल्यावर वाकू लागला किंवा यूपीव्हीसीवर पांढरट भुकटी येऊन कडा तडकू लागल्या, की डागडुजीचा खर्च वाया जातो. अशी पन्हळ दिवाळी ते होळी या कोरड्या महिन्यांत बदलावी. तेव्हा कारागीर मोकळे असतात, माप निवांत घेता येते, आणि जुनी चार इंची असेल तर क्लॅम्पसकट सहा इंची करून घेता येते.